दारात आलेल्याला नको म्हणू नये

बंगळुरात, चामराजपेटमधल्या आमच्या शेजारच्या अक्का दारात आलेल्या कुणालाही गूळ-पाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. फोनलाही त्यांचा हाच नियम. अ‍ॅपने फोटो मागितले, सगळे नंबर मागितले, की त्या "सरी", म्हणजे 'बरं', म्हणत परवानगी देऊन टाकायच्या. मी हटकलं तर म्हणायच्या, "विचारून मागतंय की रे ते! विचारणाऱ्याला नको कसं म्हणायचं?"

त्यांची भाची नवऱ्याच्या माराला कंटाळून शहराबाहेर आनेकलला लपून राहत होती. तिचा नवा नंबर फक्त अक्कांकडे होता; नवऱ्याचा नंबरही त्यांच्या फोनमध्ये होताच. अ‍ॅपने तो त्यांच्या फोनमधून उचलला आणि त्या नंबरवरून तिने त्याच अ‍ॅपवर उघडलेलं नवं खातं 'ओळखीची व्यक्ती' म्हणून थेट नवऱ्याला सुचवलं. खात्यावर कारखान्याच्या गणवेशातला फोटो होता. एका सकाळी तो कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

भाची तिथूनही निघून गेली. कुठे, ते तिने अक्कांनाही सांगितलं नाही.

काल अक्का फोन घेऊन आल्या. "तिचा नंबर स्वल्प, जरा पुसून दे रे." मी पुसला. त्यांनी फोन परत घेतला. मग हळूच म्हणाल्या, "त्या अ‍ॅपवाल्यांनी नेलेला पण पुसला गेला ना?"

उत्तर 'नाही' होतं. ते मलाही म्हणवेना.