सावंतांची झोप मी सोमवारी भरायचे

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत कुणाची दृष्ट काढायची असली की मीठ-मोहऱ्या माझ्या दारावरून नेत नाहीत, कारण मी हसते. इतका माझा अशा गोष्टींवर विश्वास! त्यामुळे हा अनुभव भुताचा नाही... मोबाइलमधल्या एका ॲपचा आहे. नात म्हणते, "आजी, नको ना लिहूस, लोक हसतील." हसू देत. सात वर्षं मी चिडून बसलेय, त्याचं काय?

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे सत्तावन्न. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत हेडक्लार्क. चष्मा नाकाच्या टोकावर आणि ऑफिस आपल्यामुळेच चालतं हा ठाम समज. मस्टर माझ्या ताब्यात. कोण आलं, कोण गेलं ते मी लिहीन तसं! तेव्हाची ती मी आज समोर आले तर मीच तिचा चष्मा काढून ठेवीन.

त्या वर्षी कंपनीने झोप न येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा डिजिटल उपचार आणला. त्याने खरंच झोप येते का, हे तपासायचं होतं. मोबाइलवर धडे, रोज सकाळी झोपेची डायरी भरायची, मनगटावर एक पट्टा. पट्ट्यातली माहिती थेट ॲपवाल्यांकडे जायची, आपल्याला काही दिसायचं नाही. मी नाव दिलं, कारण मला तीन तासांच्या वर झोप नव्हती. आणि सावंतांना द्यायला लावलं.

सावंत म्हणजे आमच्या स्टाफ बसचे ड्रायव्हर. मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला. आई गेल्यापासून त्यांची झोप उडालेली. एकदा पवईच्या सिग्नलला स्टिअरिंगवरच मान पडली. मागे बत्तीस माणसं! एचआरने स्पष्ट सांगितलं, कोर्स पुरा करा, झोप सुधारा, नाहीतर गाडी सोडा.

ॲप सगळं इंग्रजीत. पहिल्याच धड्यात म्हणे, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसा.

"बाई, दुसरी खोली म्हणजे शेजारचे परब," सावंत म्हणाले. "त्यांच्याकडे जाऊन बसू? माका ह्या काय कळणा नाय. तुम्हीच भरा."

मी भरलं. रोज कोण भरणार? सोमवारी सकाळी टेबलाशी बसून येत्या अख्ख्या आठवड्याची डायरी भरून टाकायची. पुढची तारीख घातली तरी ॲप गपचूप घ्यायचं. हात मस्टरला सरावलेला! मंगळवार, सहा तास. बुधवार, सव्वासहा. गुरुवार, चार दहाला जाग, पाणी पिऊन पुन्हा झोप. थोडी जाग दाखवली की खरं वाटतं, हा माझा अनुभव.

गुरुवारी बसमध्ये चढले तर सावंत ताजेतवाने. "बाई, आज झोपलंय! चारला एकदा जाग इली, पाणी पिलंय, परत आडवो."

मी म्हटलं, योगायोग. पण शुक्रवारीही मी लिहिलेलं तेच झालं.

पुढच्या सोमवारी मला खोडी सुचली. डायरीत शेरे लिहायला एक चौकोन होता. बुधवारच्या चौकोनात लिहिलं, 'स्वप्नात कोंबडा स्टाफ बस चालवत होता.' सावंतांना काही बोलले नाही. त्यांची डायरी माझ्याच फोनवर, पासवर्ड माझ्याकडे.

बुधवारी मी बसच्या पायरीवर पाय ठेवते तोच ते म्हणाले, "हसा नको हां बाई... स्वप्नात कोंबडो आपली बस चालवत होतो. हॉर्न पण देय होतो."

मी हसले नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर मी डायरी देवासमोर बसल्यासारखी भरू लागले. सहा तास. साडेसहा. मग मला लोभ सुटला आणि स्वतःच्या डायरीत सरळ आठ तास लिहिले. मिळाले तीन. चिडून नऊ लिहिले. अडीच मिळाले! सावंत मात्र शीळ घालत जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरून बस काढायचे, आणि मी मागे जांभया देत बसायचे.

पाचव्या आठवड्यात ॲपवाल्यांच्या केतकीने बोलावलं. सगळ्यांच्या नोंदी तीच तपासायची. माझी नात आज आहे तिच्याहून जरा मोठी असेल.

"मॅडम, सावंतांची डायरी आणि पट्टा मिनिटामिनिटाला जुळतात. असं कुणाचंच होत नाही. तुमचं तर अजिबात नाही. त्यांची डायरी तुमच्या फोनवरून येते, तुम्ही नंतर कुठून बघून भरता का?"

'नंतर' म्हणाली, तिथे माझ्यातली हेडक्लार्क दुखावली. "नंतर? अगं, मी सोमवारीच भरते. पूर्ण आठवडा."

तिने लॅपटॉपवर पाहिलं. सोमवार, सकाळी नऊ पन्नास. तिने तारीख पुन्हा एकदा तपासली. मला वाटलं, आता ही उठून पाया पडणार! ती म्हणाली, "पेशंटने स्वतः न भरलेल्या नोंदी आम्ही ठेवू शकत नाही. रूल आहे. सॉरी." आणि माझ्यासमोर सगळं पुसलं. कोंबड्यासकट.

दुसऱ्या दिवशी सावंतांचे डोळे लाल. "रात्रभर टक्क जागो. माझी झोप खंय गेली, बाई?"

मी केतकीच्या मागे लागले. परत उघड, मी भरते, वाटल्यास त्यांच्याकडून अंगठा घेते. ईमेल केले, तक्रार नंबर मिळाला, 'आपली अडचण नोंदवली आहे' असं उत्तर आलं. तिला विचारलं, "मग सोमवारी भरलेलं गुरुवारी कसं जुळलं, ते तरी सांग." तर म्हणे, "मॅडम, पट्ट्यात एरर असेल." एरर! बत्तीस माणसं रोज त्या एररच्या मागे बसून जात होती!

आठवड्याभरात एका सकाळी पवईला सावंतांनी बस डावीकडे घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली. "आज माझ्यान होवचा नाय, बाई. कुणाला तरी बोलवा." आम्ही सगळे खाली उतरलो. 

उपचार यशस्वी, असा अहवाल आला. त्यात सावंत नव्हते. आणि एचआरने त्यांना काय केलं असेल? नाइट वॉचमन! नाहीतरी जागेच असता, म्हणाले.

मी रिटायर झाले. पण अजून दर सोमवारी चहा झाला की वहीत सावंतांचा आठवडा लिहिते. सहा तास, साडेसहा तास. काही होत नाही. कागद बदलून पाहिला, पेन बदलून पाहिलं, नातीच्या मोबाइलवर लिहून पाहिलं. हे का झालं आणि पुसल्यावर का थांबलं, कुणी सांगेल का मला? मस्टरमध्ये जन्मभर थापा लिहिल्या, कुणाचं वाकडं झालं नाही. एकदाच खरं बोलले...

गेल्या महिन्यात सावंत घरी आले होते. केस पांढरे, डोळे तसेच. चहा पिता पिता म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्ही नेमका काय केला होतात?"

पुन्हा खरं बोलायची हिंमत झाली नाही.

"मी कुठे काय? ॲप चांगलं होतं," म्हटलं.

"हां," सावंत म्हणाले. "ॲप चांगला होता."