अंगानं परतवलेलं औषध

इस्फहानच्या बाजारात कापडावर ठसे उमटवायच्या कारखान्यात तहमीनेसारखा हात कुणाचा नव्हता. पंचविशी उलटली नि तिच्या एका डोळ्यापुढं धुकं आलं. तपासण्यांत मज्जातंतूंचा आजार निघाला, एमएस. त्या शहरात तो पुष्कळ घरांत ठाऊक. आईनं, तूबाबाईनं, हाय खाल्ली नाही. एक दिवसाआड इंटरफेरॉन या औषधाची सुई तीच टोचायची आणि त्यानं लेकीला ताप भरला की उशाशी गोड लिंबाचा रस घेऊन बसायची.

दोन वर्षं बरी गेली. मग तूबाबाई मशहदच्या दर्ग्याला जियारतीला, दर्शनाला गेली. तेवढे दिवस तहमीनेनं स्वतःच टोचून घेतलं. आई परतली आणि थोड्याच दिवसांत लेकीचा उजवा पाय फरफटू लागला.

"मी नव्हते तेव्हा सुया टाकून दिल्यास ना?" आईनं विचारलं.

"नाही गं आई. सगळ्या घेतल्या."

"औषध अंगात गेलं असतं तर पाय असा ओढला असतास?"

तहमीनेनं शपथ घेतली. आईनं मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. थोरला भाऊ कियूमर्स, तोही आईच्याच बाजूचा. सुई पुन्हा आईच्या हाती गेली, तरी आजाराचे झटके, कधी डोळ्याला तर कधी पायाला, येतच राहिले. तूबाबाई म्हणायची, तेव्हाची हयगय आता भोगतेय पोर. त्या हिवाळ्यात हृदयविकारानं ती गेली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे औषध म्हणजे प्रथिनच. तुमच्या अंगानं त्याला परकं मानलं आणि त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं रक्तात तयार केली. सुया वाया जात होत्या. चूक कुणाचीच नाही."

"केव्हापासून?"

"नक्की सांगता येत नाही. बहुधा पहिल्या दीड-दोन वर्षांतच."

म्हणजे मशहदच्या आधीपासून. आई स्वतःच्या हातानं टोचत होती तेव्हापासून. तहमीनेनं बाहेर थांबलेल्या भावाला आत बोलावलं आणि डॉक्टरांना विनवलं, "हेच पुन्हा सांगाल? याच्यासमोर."

कियूमर्सनं खाली मान घालून ऐकलं. जिन्यावर त्यानं तिचा दंड धरला. "आई असती तर..." एवढंच बोलला.

"नको, दादा. तिच्याच हातच्या सुया वाया गेल्या, हे तिला सोसलं नसतं."

औषध बदललं. झटके थांबले, पण पाय सुधारला नाही. ठशाच्या बाकाशी उभं राहणं सुटलं. आता ती कारखान्यात बसून रंग कालवते, आणि शिकाऊ पोरींचे ठसे वाकडे पडले तरी हयगय केलीस असं कुणाला म्हणत नाही.