कट्ट्यावरून कुणी कुणाला उतरवायचं नाही

प्रा. मन्मथ हालगे सरांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वालूरहून रोज एस.टी.नं तालुक्याला कॉलेजात येत होते. वक्तृत्व मंडळात नाव द्यायचं होतं, म्हणून लिंबाखालच्या दगडी कट्ट्यावर उभी राहिले. ‘अध्यक्ष महोदय’ एवढं तोंडातून निघतं न निघतं तोच सर वळले आणि चालू लागले. सायकल स्टँड ओलांडलं, पटांगण ओलांडलं, थेट फाटकापाशी जाऊन पोचले. मला वाटलं, पहिल्याच शब्दाला माणूस उठून गेला, आता काय राहिलं. तेवढ्यात सरांनी तिथून माझ्याकडे तोंड केलं आणि कानामागे हात धरला. माईक नव्हता. मी जीव तोडून बोलले. परत आल्यावर सर एवढंच म्हणाले, “शेवटच्या माणसाला ऐकू आलं नाही, तर ते भाषण नव्हे, आपसातलं बोलणं. आज दोनच वाक्यं पोचली. उद्या परत या.”

पुढं या जिल्ह्यातल्या किती मोर्चांत आणि किती सभांत मी बोलले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण प्रत्येक वेळी माझी नजर आधी गर्दीच्या शेवटच्या टोकाला जाते. तिथं मला अजूनही सर उभे दिसतात.

सर गणिताचे. वक्तृत्व मंडळ त्यांच्याकडे आलं ते दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून. मराठीच्या प्राध्यापकांनी पाठीच्या दुखण्याचं कारण सांगितलं आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी शेतीचं. सरांना कारण सांगता आलं नाही. गणिताच्या माणसाला भाषणातलं काय कळतं, अशी चेष्टा स्टाफरूममध्ये चालायची. सर ती हसून घ्यायचे. पण ते भाषण ऐकायला बसले की भल्याभल्यांची तारांबळ उडायची. अलंकारांकडे, शेरांकडे, टाळ्यांच्या वाक्यांकडे त्यांचं लक्ष नसे. बोलणारा ‘म्हणून’ म्हणाला की मात्र त्यांचं बोट वर जाई. या ‘म्हणून’च्या आधी काय होतं ते सांगा. आधी काही नसलं की भाषण तिथंच संपे.

त्या कट्ट्याविषयी नव्या वाचकांना सांगायला हवं. दर शनिवारी शेवटचा तास संपला की कट्ट्यावर कुणीही उभं राहून कशाविषयीही बोलावं, ही प्रथा सरांनी पाडली. नियम थोडे होते. बोलणाऱ्यानं उभं राहायचं, ऐकणाऱ्यानं खाली बसायचं, मग तो प्राध्यापक का असेना. ज्याला उत्तर द्यायचं त्यानं पुढच्या शनिवारी द्यायचं. आणि कट्ट्यावर चढलेल्या माणसाला कुणी उतरवायचं नाही, त्याचं बोलणं झालं की तो स्वतः उतरेल. एरवी सर आम्हाला ‘अगं-अरे’ करत. पण पोर कट्ट्यावर चढलं की सर त्याला ‘तुम्ही’ म्हणत. अठरा वर्षांच्या, खेड्यातून आलेल्या मुलीला पहिल्यांदा कुणी ‘तुम्ही बोला’ म्हटलं की काय होतं, हे ज्याला म्हटलं गेलं त्यालाच कळेल.

कुणाला न उतरवण्याचा नियम सोपा नव्हता. एका शनिवारी आमच्याच वर्गातला एक मुलगा कट्ट्यावर चढला आणि विद्यार्थी परिषदेत मुली कशाला हव्यात, यावर बोलायला लागला. आमचं रक्त उकळलं. मी उठून उभी राहिले. सरांनी मागं वळूनही न पाहता हातानं खूण करून मला खाली बसवलं. नंतर मी त्यांच्याशी कडाडून भांडले. असलं ऐकून का घ्यायचं, हा माझा प्रश्न होता. सर म्हणाले, “त्याचं पुरं होऊ दे. अर्धं ऐकून पुरं उत्तर देता येत नाही.” पुढच्या शनिवारी मी पुरं उत्तर दिलं. तो मुलगा पहिल्या रांगेत खाली बसून ऐकत होता. त्याला बसावंच लागलं, कारण आधी मी बसले होते.

सर ताडकळसचे. वीरशैव घर, वडिलांचं किराणा दुकान, आठवडी बाजारात दुकानाचं कापडी पाल. सर सांगायचे, बाजाराच्या दिवशी शेजारच्या पालाचा आवाज मोठा असायचा. लहानपणी त्यांनी एकदा वडिलांना म्हटलं, अप्पा, त्याला गप बसवा की. वडील म्हणाले, त्याला कशाला गप बसवू, आपली डाळ निवडून ठेव. सरांचं सगळं राज्यशास्त्र त्या एका बाजारातलं आहे, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहिते आहे तिकडे वळते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मुलींच्या प्रॅक्टिकलची बॅच दिवसाच्या अगदी शेवटी आली. प्रॅक्टिकल सुटायचं आणि आमच्या बाजूची शेवटची एस.टी. त्याआधीच निघून गेलेली असायची. गावोगावच्या मुली एक तर प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडायच्या, नाही तर काळ्या-पिवळ्या जीपला लोंबकळायच्या. दोघींच्या घरच्यांनी कॉलेज बंद केलं. एका शनिवारी मी कट्ट्यावर चढले. ज्यानं हे वेळापत्रक केलं तो कधी एस.टी. स्टँडवर उभा राहिलेला नाही, असं म्हणाले. हे मुद्दाम केलं आहे, मुली पटावर हव्यात पण प्रयोगशाळेत नकोत, असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. फाटकापर्यंत आवाज पोचला असणार.

वेळापत्रक हालगे सरांनी केलं होतं. मला ते माहीत नव्हतं. कॉलेजांत वेळापत्रकाचं काम गणितवाल्याच्या गळ्यात पडतं, हे मला तेव्हा कुठून कळणार. सर माझ्यासमोर मातीत मांडी घालून बसले होते आणि शेवटपर्यंत ऐकत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

सोमवारी फलकावर नोटीस लागली. ज्येष्ठ प्राध्यापकांचा जाहीर अपमान केल्याबद्दल मी येत्या शनिवारी सर्वांसमोर माफी मागावी, अन्यथा टी.सी. घेऊन जावी. टी.सी.चा अर्थ मला नीट कळत होता. घरी एक स्थळ येऊन बसलं होतं, चुलत्यांना घाई झाली होती, आणि वडील फक्त माझ्या कॉलेजचं नाव पुढं करून त्यांना थोपवून धरत होते. कॉलेज सुटलं की ते थोपवणंही सुटणार होतं.

वडिलांना बोलावणं आलं. कोरडवाहू जमिनीचा तुकडा कसणारे माझे वडील प्राचार्यांच्या खोलीत धोतर सावरून उभे राहिले. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांना सरांविषयी मनापासून आदर होता आणि त्या आदरापोटीच ते चिडले होते. मुलीला चार शब्द समजावा, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, “सायेब, पोरीची जबान तिखट हाय, ते घरी आमी रोज बघतोच. पर ती लबाड न्हाई. बस चुकायलीय हे खरं हाय का न्हाई, एवढं सांगा.”

प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. आम्हा बापलेकींबरोबर सरांनाही बोलावलेलं होतं. तिथं मला पहिल्यांदा कळलं की वेळापत्रक कुणाचं होतं. सर शांतपणे म्हणाले, “साहेब, अपमान माझा झाला म्हणता. मग झाला की नाही ते मला विचारा. मला झालेला नाही.”

प्राचार्य म्हणाले की हे असंच सोडलं तर उद्या कुणीही उठेल आणि काहीही बोलेल.

“बोलेल,” सर म्हणाले. “आणि पुढच्या शनिवारी आपण उत्तर देऊ. शिकवतो म्हणजे आपण दुसरं काय करतो? हिचं चुकलं असेल तर मी कट्ट्यावर दाखवीन. त्यानंतर टी.सी. द्यायचीच असली तर आधी माझ्या वेळापत्रकाला द्या.”

प्राचार्यांना हसू आवरलं नाही. निर्णय शनिवारपर्यंत थांबला.

त्या आठवड्यात सरांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. एका संध्याकाळी प्रॅक्टिकलची घंटा झाल्यावर ते आमच्याबरोबर स्टँडवर चालत आले. बस गेलेली होती. दुसऱ्या दिवशी ते आधीच निघाले, शेवटची एस.टी. पकडली आणि ती किती वाजता कुठं पोचते हे पाहायला थेट वालूरपर्यंत आले. उतरल्यावर त्यांनी परतीची बस विचारली. कंडक्टर म्हणाला, “सर, हीच शेवटची. आता ही इथंच झोपणार अन् मी बी.” गावातल्या पोरांना ही गोष्ट वर्षभर पुरली.

सर आमच्या घरी राहिले. ज्या मुलीची टी.सी. टांगणीला लागली होती तिच्या चुलीपुढं बसून त्यांनी भाकरी-पिठलं खाल्लं आणि वडिलांशी ज्वारीवर, तुरीवर बोलत बसले. माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर नाही. पहाटे आंघोळ करून त्यांनी लिंगपूजा केली. आईनं कुठून तरी बेल आणून ठेवला होता. निघताना आईनं धीर करून विचारलं, “अप्पा, आमच्या वनीचं काय हुईल?” सर म्हणाले, “माय, तिचं बोलून झालंय. आता पाळी माझी आहे.”

शनिवारी लिंबाखाली बसायला जागा नव्हती. प्राचार्य व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. सर आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्यावर चढले. एवढी वर्षं ते खालीच बसत आले होते. मी पहिल्या रांगेत बसले होते.

सर म्हणाले, “वेळापत्रक मी केलं. कुठली प्रयोगशाळा रिकामी नाही, कुठल्या प्राध्यापकांचा तास दुसऱ्या तासावर चढत नाही. गणित बरोबर सुटलं म्हणून मी खूश होतो. त्यात एस.टी. धरायची राहिली. मागच्या भाषणात दोन गोष्टी होत्या. बस चुकते, हे खरं आहे, मी स्वतः चुकवून पाहिली. मी मुद्दाम केलं, हे खरं नाही. मला ती बस दिसलीच नाही. आता या दोन्हींत जास्त वाईट कोणतं, ते तुम्ही ठरवा. सोमवारपासून मुलींची बॅच सकाळी.”

एवढं बोलून ते उतरले. स्वतःहून.

पहिली टाळी व्हरांड्यातून आली. प्राचार्यांनी त्याच दिवशी फलकावरची नोटीस काढायला लावली. मी माफी मागितली नाही. मागावी असं सरांनी कधी सुचवलंही नाही. चुलत्यांनी आणलेलं स्थळ मात्र वाट पाहून परत गेलं.

आजच्या कॉलेजांतून हिंडताना मला हे सगळं फार आठवतं. परिसरात परवानगीशिवाय जमू नये. भाषण आधी लिहून दाखवावं. मोबाईलवर काही टाकलं तर पालकांना बोलावलं जाईल. ज्या संस्थेला आपल्याच मुलांच्या तोंडची भीती वाटते ती त्यांना शिकवते तरी काय, हा प्रश्न मी प्रत्येक व्यासपीठावरून विचारते आणि विचारत राहणार आहे. विद्यार्थ्याचा बोलण्याचा हक्क ही कुणी खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही. ते बोलणं ऐकून घ्यायला मात्र सरांसारखी छाती लागते.

मागच्या वर्षी वसतिगृहातल्या पाण्यावरून काही मुली त्याच कट्ट्यावर बोलणार होत्या. कोण कोण जमतं हे पाहायला फाटकावर माणूस उभा केला होता, त्यामुळं ऐकायला कुणी येईना. पोरी रिकाम्या पटांगणाकडे पाहत उभ्या होत्या. तेवढ्यात काठी टेकत हालगे सर आले. निवृत्तीला किती वर्षं झाली, गुडघे कामातून गेलेले. कुणीतरी धावत खुर्ची आणली. सर म्हणाले, “ऐकणारा खाली बसतो.” दोघी जणींनी धरून त्यांना मातीत बसवलं. मग एकेक करत पटांगण भरलं. फाटकावरच्या माणसाला सरांनी हाक मारली, “बाबा, माझं नाव पहिलं घे, अन् मग तू पण ये बस.” तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो आला आणि बसला. असे माझे गुरू आहेत, हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवी अंकासाठी समितीचे लोक त्यांच्याकडे गेले तेव्हा सरांनी एकच अट घातली. अंकात निदान एक लेख तरी आपल्याशी न पटणारा असावा, नाहीतर सगळं पाणी घातलेल्या दुधासारखं होईल. समितीनं बिचकत माझ्याकडे पाहिलं. मी आनंदानं हो म्हटलं. तर सर, तुमचं उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. बस दिसली नाही म्हणून आपण सुटलो, असं होत नाही. खुर्चीवरच्या माणसाला न दिसणं हे त्यानं केलेलंच असतं. दोन्हींत जास्त वाईट कोणतं ते ठरवा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी ठरवलं आहे: म्हणून न दिसणंच जास्त वाईट. माझ्या या ‘म्हणून’च्या आधी कॉलेज सुटलेल्या त्या दोघी आहेत, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि एका शनिवारी ते संपणार नाही. गुडघ्यांना तेल लावा, गोळ्या वेळेवर घ्या, काकूंचं ऐका. आपला नियम तुम्हीच केलेला आहे. कट्ट्यावरच्या माणसाला कुणी उतरवायचं नाही, त्याचं बोलणं झालं की तो स्वतः उतरेल. तुमचं बोलणं अजून पुष्कळ व्हायचं आहे, सर. शंभरीपर्यंत तरी चालू द्या. आम्ही खाली बसलो आहोत.

तुम्ही बोला.