माशीचे काम करणाऱ्या बाई

"माशी नाय आली, तं मी आली," असे म्हणत त्या नर फूल खुडत, त्याच्या पाकळ्या मागे दुमडत आणि ते मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवीत. मादी फूल ओळखायला त्यांनीच मला शिकविले. त्याच्या मागे नखाएवढे कारले आधीच असते. पराग मिळाला नाही, तर ते पिवळे पडून गळते.

बेटेगावात माझ्या कुंपणाला लागून त्यांचा कारल्याचा मांडव होता. सकाळभर मान वर करून हेच काम. मी विचारपूस केली की म्हणत, "माशीला सुट्टी हाय भाऊ, मला नाय."

बोईसरच्या कारखान्यांच्या बाजूने वास येऊ लागला आणि मधमाशा दिसेनाशा झाल्या, असे माझे म्हणणे होते. न्यायालयाच्या अभिलेख कक्षात माझी हयात गेलेली. मी प्रदूषण खात्याकडे तक्रारअर्ज केला, स्मरणपत्रे धाडली. अखेर एक अधिकारी पाहणीस आले. मांडवाला कारली लगडलेली होती.

"काका, माशा नाहीत म्हणता, आणि पीक तर झकास आहे!"

बाईंनी त्यांना चार कारली कागदात बांधून दिली. अहवाल आला: बाधा आढळली नाही.

त्या संतापात मी जे केले, ते आपल्यासमोर नोंदविणे मला भाग आहे. दुसऱ्या पाहणीची तारीख मिळवून मी बाईंना म्हणालो, "बाय, पंधरा दिवस फुलांना हात लावू नका. तुमच्या हातांनी माझा पुरावा नाहीसा होतो."

"मंग कारली?"

"गळू द्या. साहेबांना दिसू द्या."

त्यांचे घर त्या मांडवावरच चालत होते, हे मला ठाऊक होते. त्यांनी हातातले फूल खाली ठेवले. "तुमी शिकलेले. तुमी सांगता, तं नाय लावत."

शब्द त्यांनी पाळला. सकाळी हात पदरात गुंडाळून बांधावर बसत. "हाताला खाज सुटली, भाऊ. कायद्यात औषध हाय का?" खाली कोवळी कारली पडत होती. मी रोज छायाचित्रे काढीत होतो.

ठरल्या दिवशी कोणी आले नाही. पुढची तारीख मिळाली. तेव्हाही आले नाही. मग मीच बाईंना म्हणालो, "लावा आता हात." तोवर हंगाम सरला होता, वेल वाळू लागले होते.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मांडवाचे बांबू सोडविले, मोळी बांधली आणि बोईसरच्या एका कारखान्यात झाडलोटीच्या कामाला लागल्या. पहाटेच्या गाडीने जातात, असे ऐकतो. मी पाहिलेले नाही.

त्यानंतर अधिकारी येऊन गेले. पत्र माझ्याकडे आहे: "पाहणीवेळी जागेवर पीक आढळून आले नाही. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे."

अपिलाला मुदत होती. ती मी जाऊ दिली.