पांढऱ्या घोड्याच्या पलीकडे

संग्रहालयातलं ते लढाईचं चित्र कुणा बेल्जियमकडच्या फ्लेमिश चित्रकाराचं आहे, अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचं. आभाळ गुलाबी, धूर पिंजलेल्या कापसासारखा, आणि मधोमध उधळलेला पांढरा घोडा. इतकी देखणी लढाई पाहिली की मला संशय येतो. नजर घोड्यावर खिळली, की कोपऱ्याकडे कुणी बघत नाही. त्या कोपऱ्यात एक शिपाई पडलेल्या माणसाचा हात हातात घेऊन वाकला आहे.

"नाडी बघतोय बिचारा," ताई म्हणाली.

"अंगठी काढतोय."

"तुला मेल्या सगळीकडे चोरच दिसतात!"

दिसतात खरे. वाकलेला माणूस लांबून नेहमी दयाळूच वाटतो. त्याची बोटं काय करताहेत, ते फक्त त्यालाच ठाऊक असतं. आई गेली त्या दिवशी दवाखान्यात मीही असाच तिच्यावर वाकलो होतो. ताई दारात उभी राहून रडत होती. आईची अंगठी ताईला मिळायची होती. ती सापडेना, तेव्हा आम्ही तिथल्या आयाबाईंवर आळ घेतला. बाई शपथा घेत राहिल्या आणि मी गप्प राहिलो.

"ताई, आईची अंगठी मी काढली होती."

ती चित्राकडेच बघत राहिली. तिने विचारलं, "पण आधी नाडी बघितली होतीस ना रे?"

मी पांढऱ्या घोड्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणालो, "नाही."