गाठ मारताना गायचं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिनं मला लुगडं नेसवलं.

हसायचं असलं तर हसून घ्या. मीपण हसलो होतो. बुधवार होता, दुपारची जेवणं झाली होती. मी पुढच्या सोप्यात पँट-शर्टावर उभा, दोन्ही हात वर, आणि ही बाई नऊ वार घेऊन माझ्याभोवती फिरत होती.

"हलू नका की वो. खांबागत उभं ऱ्हावा."

"खांबाला कोण लुगडं नेसवतंय?"

"बरं, मग खांब होऊ नका. गा."

मी काय गाणार? चाळीस वर्षं मी थेटरात पडदा ओढला. गाणारी माणसं माझ्यापासून चार हातांवर उभी असायची, पण त्यांचं काही मला लागलं नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि गाणं तेवढंही नाही. तरी तिनं सोडलं नाही. पोटात वारा भरून घ्या म्हणाली, आणि 'आ' लावा. रेड्यानं ओरडावं तसा मी 'आ' लावला. तो चालू असतानाच तिनं कमरेच्या हाडावर गाठ मारली, आणि निऱ्या घालायला लागली.

ती त्याच थेटरात कपडेपटात होती. नाटकातल्या बायकांना लुगडी नेसवायची. कितीतरी गाणाऱ्या बायका तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कमरेला हात लावू द्यायच्या नाहीत. संधिवातानं बोटं वाकडी झाली तेव्हा तिनं ते काम सोडलं, त्यालाही सात-आठ वर्षं झाली. आता पुन्हा लुगडं हातात घ्यायचं कारण पडलं ते आमच्या माडीवरच्या पोरींमुळं. दोघी कॉलेजात शिकतात आणि आमच्याकडं खोली घेऊन राहतात. एक कोडोलीची, एक जयसिंगपूरची. कॉलेजनं संगीत नाटक बसवायला घेतलं होतं, त्यात कोडोलीची मुख्य होती. गळा चांगला. पण शेवटच्या पदाला तिसऱ्या ओळीत तिचा श्वास तुटायचा. रोज माडीवरून ऐकू यायचं. नुसती गायली तर तुटत नव्हता, लुगडं नेसून गायली की तुटायचा. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हिला खाली भाकऱ्या थापताना नुसतं ऐकून कळलं. "पोरीनं गाठ पोटावर मारलीया," म्हणाली. जिना चढून बघितलंसुद्धा नाही.

रविवारी पोरींना शिकवते म्हणाली. तोवर आपले हात चालतात का ते बघायला मी सापडलो.

शुक्रवारी सकाळी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि गेली. कपात निम्मा चहा होता. याच्यापलीकडं मला लिहिता येत नाही.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी रिकामं झालं. त्या दिवशी संध्याकाळी कोडोलीची जिना उतरून आली आणि उंबऱ्याजवळ बसली. आमच्याकडच्या पोरी पोरांसारखं बोलतात, मी आलो, मी गेलो असं. ती म्हणाली, "आबा, मी आता गाणार न्हाय. नाटकाच्या सरांनी दुसऱ्या पोरीचा आवाज लॅपटॉपवर भरून घेतलाय. मी नुसतं तोंड हलवायचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हणालो."

रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. नाटकाला तिचे आईबाप येणार होते, चुलते येणार होते, शेजारीपाजारी गाडी करून येणार होते, पोरीचं गाणं ऐकायला. आणि त्यांच्यापुढं ही दुसरीच्या आवाजावर ओठ हलवणार. मी तोंडावरच बोललो, तुझ्याऐवजी कापडदुकानातली बाहुली उभी केली तर काय बिघडंल? रागावेल वाटलं, रागावली नाही. "तेच म्हणतोय की मी," एवढंच म्हणाली.

राग मला माझाच आला. तिचं दुखणं कुठं आहे ते मला ठाऊक होतं. आणि मी इतके दिवस भिंतीकडं बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या हॉलवर गेलो. सरांना चार शब्द सुनवायचे असंच ठरवून गेलो होतो. पण सर माझ्या नातवाच्या वयाचे निघाले, आणि त्यांनी आधी मला खुर्ची दिली. पोरांनी खोक्याच्या पुठ्ठ्यातून नदीचा घाट उभा केला होता. मागून हिरवा दिवा लावला की पुठ्ठ्यावर पाणी हलायचं. असं पाणी करायला आमच्या थेटरात चार गडी लागायचे. मी ते बघतच राहिलो आणि सुनवायचं विसरून गेलो. सर म्हणाले, नाटक चार दिवसांवर आलंय, पोरगी घाबरलीय, सगळ्यांपुढं तिचा श्वास तुटला तर ती आयुष्यात पुन्हा गाणार नाही. माणूस वाईट नव्हता. पोरीला वाचवायलाच निघाला होता.

मी म्हटलं, "गळ्यात दोष न्हाय सर. कमरंत हाय."

त्या पोरी लुगडं नेसायला मोबाइलवर बघून शिकल्या होत्या. भर रंगमंचावर सुटेल या भीतीनं गाठ अगदी बेंबीवर, करकचून, आणि वरून कमरपट्टा आवळलेला. त्यात बैलाचाही श्वास कोंडेल. मी बाप्या माणूस, पोरीला हात लावणार नाही. म्हणून जयसिंगपूरचीला तोंडानं सांगितलं, गाठ खाली घे, कमरेच्या हाडावर, आणि हिला गायला लावून मार. दोघी आत गेल्या, नेसून आल्या. पद सुरू झालं. तिसरी ओळ आली आणि श्वास तुटला.

सरांनी खाली बघितलं. कोडोलीचीनं माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला सोसलं नाही. तिनं कसंबसं मन घट्ट केलं होतं, ते मी येऊन उसवलं होतं. माझं काय चुकलं तेच कळेना. बायकोनं जे केलं ते मी शब्दाला शब्द सांगितलं होतं.

मग मी उठलो आणि जयसिंगपूरचीला म्हटलं, मला नेसव.

पंधरा-वीस पोरं होती. माझ्या पँटवर लुगडं चढायला लागलं तसा तबल्यावरचा एकजण फिसकन हसला. "हस की पावण्या," मी म्हटलं, "खरं ठेका सोडू नको." मग सगळेच हसले, आणि बरं झालं, माझी लाज गेली. मी पोटात वारा भरला आणि 'आ' लावला. जयसिंगपूरचीनं गाठ मारली.

ती गाठ दगडासारखी बसली. बुधवारी अशी बसली नव्हती.

मी डोळे मिटले. बुधवारची दुपार आठवून बघत होतो, सोपा, भिंत, तिच्या बांगड्या. आणि डोक्याच्या आधी माझ्या कमरेला आठवलं. डाव्या अंगाला गाठीच्या आत तिची दोन बोटं होती. वाकडी, सुजलेली. तिनं आपल्याच बोटांवर गाठ मारली होती, माझा 'आ' संपेपर्यंत बोटं तिथंच ठेवली होती, आणि मग हळूच काढून घेतली होती. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारीची बोटं अडकली. त्यालाच तर मी हसलो होतो.

तिनं ते कधी कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. सांगण्यासारखं आहे हेही तिला वाटलं नसेल. चाळीस वर्षं एवढ्या बायका गाऊन गेल्या, लोकांनी टाळ्या दिल्या, पुन्हा गायला लावलं. त्यांच्या श्वासाला जागा ठेवली ती तिच्या दोन बोटांनी. आणि तिचा नवरा चार हातांवर दोरी धरून उभा, त्याला पत्ता नाही. मला लुगड्यातच खाली बसावं लागलं.

"गाठीत दोन बोटं घाल," मी जयसिंगपूरचीला सांगितलं. "हिचा सूर संपूस्तवर काढू नको."

पुन्हा आत गेल्या, पुन्हा आल्या. पद सुरू झालं. तिसरी ओळ आली आणि गेली. ती गेली हे कोडोलीचीला चौथ्या ओळीत कळलं असावं, कारण तिथं तिचा चेहराच बदलला. त्यापुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज मोठा झाला नव्हता, उलट बारीक झाला होता. पण मागच्या भिंतीला टेकलेली पोरं एकेक पाऊल पुढं येत गेली आणि त्यांना ते समजलंच नाही. तबल्यावरचा तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होता, हात आपले चालूच. मी मोठमोठे गळे ऐकले असतील, पण तेव्हा माझं सगळं लक्ष पडदा पाडायच्या इशाऱ्याकडं. रिकाम्या हातानं बसून मी गाणं पहिल्यांदाच ऐकलं. एवढ्या किरकोळ पोरीत एवढं कुठं मावत होतं? माझ्या अंगावर काटा आला, तो बराच वेळ गेला नाही.

शेवटचा सूर अजून वर होता आणि धाडकन पडदा पडला. तो पाडायचं काम एका पोरीकडं होतं. भरून घेतलेलं गाणं जिथं संपतं तिथं पाडायचा, अशी तिला सवय लागलेली.

सरांनी त्या गाण्याचा लॅपटॉप मिटवून पिशवीत ठेवला. मग येऊन विचारलं, आबा, अजून काय सुधारायचं? मी म्हटलं, पुष्कळ हाय, उद्या सकाळी सांगतो. तेवढ्यात पडद्याखालून वाकून कोडोलीची आली. लुगडं जागच्या जागी होतं. "तुटला न्हाय की वो आबा," म्हणाली, आणि आता कुठं रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. तेराव्यानंतर पहिल्यांदा. नऊ वाजता हॉलवर गेलो आणि पडदा पाडणाऱ्या पोरीला माझ्या शेजारी उभं केलं. कोडोलीचीला शेवटची ओळ म्हणायला सांगितली. ओळ संपली तसा त्या पोरीनं दोरीला हात घातला. थांब म्हटलं, आणि दोरी मी धरली. कुठवर थांबू, तिनं विचारलं.

"तिकडं बघ. तिचं पोट खाली बसूदे."

आम्ही दोघं बघत उभं राहिलो. मग मी दोरी सोडली.