हसण्याचा शॉट राहिला होता

आधीच सांगते, मला कोणाला काही पटवून द्यायचं नाहीये. नातेवाइकांना सांगून, शेजारणींना सांगून, दिराच्या मित्रांना सांगून मी आता दमलेय. आमच्या घरी अमावास्या कधी आली नि कधी गेली, कळत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते, बस. असले अनुभव वाचून 'काय एकेक थापा मारतात!' म्हणणाऱ्यांतलीच मी... तरी लिहितेय, कारण विचारायला दुसरी जागा उरलेली नाही.

मीरा रोड, बेव्हर्ली पार्क, तिसरा मजला. दोन हजारनंतरची वर्षं — छोटी कॅसेट घालायचे ते व्हिडिओ कॅमेरे होते तेव्हाची गोष्ट. घरात मी, नवरा सुहास, सासूबाई आणि धाकटा दीर नितीन. नितीनने चांगली नोकरी सोडून सिनेमा करायला घेतला होता. निर्माता नाही, स्टार नाही, सगळा घरचाच कारभार. गोष्ट सिरियल किलरची. मीरा रोडच्या नव्या बिल्डिंगांमध्ये भर दुपारी घरात एकट्या असलेल्या बायकांना मारत सुटलेला माणूस.

"आणि वहिनी, तो अख्ख्या सिनेमात दिसतच नाही," नितीन सांगायचा. "कॅमेरा म्हणजेच तो. आपण त्याच्या डोळ्यांनी बघायचं."

"म्हणजे एक नट वाचला," मी म्हटलं.

मरणाऱ्या बायकासुद्धा घरच्याच. माझी मावशी मेली, शेजारच्या भावनाबेन मेल्या. मेकअपला सुर्वेदादा होते. नाटक-सिनेमात उभं आयुष्य गेलेला माणूस, कमी बोलणारा. त्यांचा एकच हट्ट असायचा. मेल्याचा शॉट दिला की कॅमेरा बंद व्हायच्या आत त्या माणसाने डोळे उघडायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. नाटक-सिनेमाच्या लाइनीतली जुनी पद्धत आहे म्हणे. खोटं मरण तिथल्या तिथे पुसून टाकायचं. भावनाबेन तर इतक्या हसल्या की त्यांना उठवायला दोघं लागले.

मग आईंची, म्हणजे सासूबाईंची पाळी आली. आई अलिबागकडच्या, तोंडाने फटकळ. "मेले की पटकन सांगा रे, मला चहा टाकायचाय," असं म्हणत त्या स्वयंपाकघरातल्या लादीवर आडव्या झाल्या. नयानगरचा इरफान कॅमेऱ्यावर होता, मी आईंच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोल धरून उभी. शॉट फर्स्ट क्लास झाला. इतका चांगला की मला बघवेना. नितीन "कट" म्हणाला आणि सुर्वेदादा पुढे झाले. "आई, डोळे उघडा. हसा."

"नितीनभाई, बॅटरी गई," इरफान म्हणाला.

दुसरी बॅटरी चार्जच केलेली नव्हती. "जाऊ दे हो दादा, उद्या घेऊ," नितीन म्हणाला. आई तशाच उठल्या, पदर झटकला आणि चहाचं आधण ठेवलं. सुर्वेदादा चहा न घेताच गेले. मला तेव्हा त्यांचा रागच आला. एवढं काय अगदी!

दुसऱ्या दिवशी आई उठल्याच नाहीत.

श्वास चालू, अंग गरम, पण हाक मारली तर ओ नाही. हॉस्पिटलमध्ये नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये काही येत नाहीये, वाट बघू. आम्ही वाट बघत राहिलो. घर, ऑफिस, हॉस्पिटल, डबा, परत घर. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. नितीन तर जेवायचाच बंद झाला. त्याला बाप आठवत नव्हता, होती ती आईच.

सुर्वेदादा भेटायला आले. लांबूनच आईंकडे बघितलं आणि नितीनला विचारलं, "घेतलंस का हसणं?"

मी भडकलेच. "दादा, इथे माणूस जातंय आणि तुम्हाला शॉट सुचतोय?"

"माणूस जातंय म्हणूनच विचारतोय, बाई," ते म्हणाले आणि बाकावर बसून राहिले.

नितीन कॅमेरा घेऊन आत जाऊ बघत होता, तर डॉक्टरांनी त्याला हाकललं. बरोबरच होतं त्यांचं. जी बाई डोळा उघडत नाही ती हसणार कशी? मग तो घरी आला आणि टीव्हीला कॅमेरा जोडून ती कॅसेट बघत बसला. आई कुठेतरी चुकून हसली असेल, रिहर्सलला, मेकअपला... मी आत डबा भरत होते.

"वहिनी. इकडे या. लगेच."

त्याचा आवाज ऐकून डबा तसाच टाकून गेले.

टीव्हीवर आमचं स्वयंपाकघर होतं. आई लादीवर पडलेल्या. नितीनचा "कट" ऐकू आला. इथे रेकॉर्डिंग संपायला हवं होतं, पण चित्र चालूच होतं. आईंनी डोळे उघडले, कोपरावर रेलून उठल्या, सरळ आमच्याकडे बघितलं आणि हसल्या. गोड वगैरे नाही... दाराशी घुटमळणाऱ्या सेल्समनला हसावं तसं.

"झालं ना तुझं?" त्या म्हणाल्या. "मग नीघ आता. मला चहा टाकायचाय."

मला आधी नुसतं बरं वाटलं, रडू आलं. मग नितीनने बोट दाखवलं. चित्रात आईंच्या मागे मी होते, थर्माकोल धरून. सुर्वेदादा होते. नितीन होता. आणि ओट्याला टेकून इरफान उभा होता — त्याच्या हातात कॅमेरा, बॅटरी काढलेला.

स्वयंपाकघरात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मग हे घेतलं कोणी?

तेवढ्यात सुहासचा फोन आला. "अगं, आईने डोळे उघडले! चहा मागतेय."

आईंना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "मी कशाला हसू? माझी कंबर दुखत होती," एवढंच. नितीनने तो सिनेमा तिथेच सोडला. आता तो मालिकांचं एडिटिंग करतो, आणि कोणी सिनेमाचं विचारलं की उठून जातो. कॅसेट माझ्या कपाटात आहे, पण ती लावायचा कॅमेराच आता चालत नाही. म्हणून पुरावा मागू नका. बॅटरीत थोडा चार्ज उरला असेल, हेसुद्धा सांगू नका. ते मला इरफाननेही सांगून झालंय, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आई त्यानंतर चांगल्या जगल्या. भांडल्या, नातवंडं खेळवली. मग एका दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलो होतो. आईंनी मान वर केली, दाराकडे बघितलं आणि त्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या, "आलास? बस जरा. एवढे वाल होऊ देत."

मी वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"कोण आलंय, आई?"

"तू सोल," त्या म्हणाल्या.

वाल संपले. त्यांनी हात धुतले, जरा पडते म्हणाल्या. बिरडं झाल्यावर जेवायला उठवायला गेले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

आईंचं वय झालं होतं, मान्य. मला भीतीही वाटत नाही आता, खरंच. पण दुपारी सगळे बाहेर असतात आणि मी त्याच लादीवर एकटी बसलेली असते. पहिल्या वेळी आईंनी त्याला 'नीघ' म्हटलं होतं आणि तो गेला. दुसऱ्या वेळी 'बस' म्हटलं. नंतर त्याला 'नीघ' म्हणायला आई नव्हत्या. तो गेला की अजून बसलाय, हे मला कोण सांगणार?